एका भागाकाराची किंमत

विभवांतराला विद्युतधारेने भागले की रोध मिळतो आणि दोहोंचा गुणाकार केला की शक्ती. २३० व्होल्टवर ५ अँपिअर धारा घेणाऱ्या विजेच्या शेगडीचा रोध ४६ ओहम आणि शक्ती ११५० वॉट, हे शाळकरी मूलही सांगेल. पण कोणत्याही दोन संख्यांचा भागाकार करता येतो; त्यातून नियम निघतोच असे नाही. विभवांतर बदलले तरी उत्तर तेच राहणे, हा खरा नियम. ते तसे राहते हे पाहण्यासाठी गेओर्ग सायमन ओहमला काय मोजावे लागले, हे पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही.

ओहमचा जन्म १७८९ साली एर्लांगेन येथे झाला. वडील कुलुपे घडविणारे कारागीर. मुलांना गणित आणि विज्ञान त्यांनीच शिकविले. १८१७ पासून ओहम कोलोनच्या एका शाळेत गणित व भौतिकी शिकवीत असे. उरलेला वेळ तो तेथील प्रयोगशाळेत घालवी. वेगवेगळ्या लांबीच्या तारांमधून वीज सोडायची आणि वर टांगलेली चुंबकसूची किती वळते ते पाहायचे, असा त्याचा प्रयोग होता.

अडचण होती ती विजेच्या स्रोताची. व्होल्टाच्या पद्धतीचे घट जोडल्याबरोबर जोरात चालत आणि पाहता पाहता मंदावत. मोजमाप चालू असतानाच मोजायची वस्तू बदलत असेल, तर तारेचा गुण कोणता आणि घटाचा दोष कोणता, हे वेगळे कसे काढणार? १८२५ मध्ये ओहमने प्रसिद्ध केलेले सूत्र लॉगरिदमचे होते, आणि ते चुकले होते.

पोगेनडोर्फ या संपादकाने त्याला मार्ग सुचविला. दोन धातूंच्या सांध्यांमध्ये तापमानाचा फरक ठेवला की वीज वाहते, हे झेबेकने काही वर्षांपूर्वीच दाखविले होते. ओहमने तांबे आणि बिस्मथ यांची जोडी घेतली. एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. पाणी उकळते आहे आणि बर्फ वितळते आहे तोवर तापमानातला फरक हलत नाही, म्हणून वीजही हलत नाही. १८२६ मध्ये त्याच्या हाती आलेले सूत्र साध्या भागाकाराचे होते.

अर्ध्या पगाराची रजा घेऊन तो बर्लिनला गेला. १८२७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. विद्यापीठातील जागेची आशा मात्र फळली नाही. ग्रंथ गणिताने भरलेला होता आणि अनेकांना तो पचला नाही. फेशनरसारख्या मोजक्या अभ्यासकांनी त्याचे मोल ओळखले, हेही खरे. १८२८ मध्ये ओहमने कोलोनची नोकरी सोडली. १८३३ मध्ये न्यूरेम्बर्गला स्थिर पद मिळेपर्यंतची वर्षे ओढाताणीची गेली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोपली पदक दिले. म्युनिकच्या विद्यापीठात तो पूर्ण प्राध्यापक झाला १८५२ मध्ये. दोन वर्षांनी वारला.

दरम्यान इंग्लंडमध्ये जूलने तारेची गुंडाळी पाण्यात बुडवून पाणी किती तापते ते मोजले. उष्णता धारेच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात वाढते, हे त्याने १८४१ मध्ये मांडले. त्याला ओहमचा नियम जोडला की शक्तीचा तो गुणाकार मिळतो.

तंतूचा दिवा तापू लागला की त्याचा रोध कितीतरी पटींनी वाढतो. भागाकार तेथेही करता येतो, पण उत्तर स्थिर राहत नाही. उत्तर कुठे स्थिर राहते हे आधी कोणीतरी शोधून ठेवले, म्हणूनच ते कुठे ढळते हे आपल्याला कळते.