हमीचे व्याज आणि निर्यातीचे आधिक्य

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी आगगाडी धावली, त्याआधीच, १८४९ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीशी करार करून तिच्या भांडवलावर दरसाल ५ टक्के व्याजाची हमी दिली होती. म्हणजे रेल्वेचे उत्पन्न कमी पडले, तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून, अर्थात येथील करदात्यांकडून, भरून निघणार होती. जोखीम रयतेची आणि नफा लंडनच्या भागधारकांचा, अशा या व्यवस्थेत काटकसरीला कारणच उरले नाही.

वऱ्हाड-खानदेशचा कापूस रेल्वेने मुंबई बंदरात येऊ लागला आणि देशाची निर्यात आयातीपेक्षा अधिक राहिली. परंतु हे आधिक्य, म्हणजे मालाच्या व्यापारातील शिल्लक, देशात संपत्ती म्हणून साचले नाही, कारण व्याज, निवृत्तिवेतने आणि लंडनमधील कारभाराचा खर्च मिळून बनलेल्या ‘होम चार्जेस’पोटी त्याचा मोठा भाग बाहेर जात असे. १८७३ नंतर चांदी, आणि तिच्यावर आधारलेला रुपया, घसरल्याने पौंडातील हे देणे रुपयांत अधिकच जड झाले. दादाभाई नौरोजींनी या एकतर्फी वहनाची आकडेवारीनिशी मांडणी केली, आणि तीच या इतिहासाची खरी किल्ली आहे. त्याच्या कितीतरी आधी, १८४१ मध्ये, भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी मुंबईच्या वृत्तपत्रातून संपत्तीच्या या शोषणावर कठोर टीका केली होती. सरकारने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे अखेर १९०० मध्ये विकत घेतली, आणि तिची किंमतही हिंदुस्थानच्याच तिजोरीतून हप्त्याहप्त्याने लंडनला चुकती होत राहिली.