पहारीपासून विडियापर्यंत



आपल्या कळंबच्या किनाऱ्याला वरची पुळण हातानेही उकरता येते, पण खाली गेलं की काळा पत्थर लागतो. एकाच हत्याराने दोन्ही कामं होत नाहीत. ही गोष्ट माणूस कसा शिकला, ते पाहू.

पूर्वी विहिरीत पत्थर लागला की पोलादी पहार आणि घण घेऊन सुरुंगाची भोकं पाडीत. १८६३ साली सुरू झालेला बोरघाटाचा रेल्वेमार्गही हातकामाने आणि सुरुंगाच्या दारूनेच फोडलेला. पहार बोथट झाली की लोहार ती तापवून, ठोकून पुन्हा पाणी पाजायचा. साध्या पोलादाचं दुखणं हेच, की घासून तापलं, निळं पडलं, की त्याचं पाणी उतरलं.

१९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात अमेरिकेचं हायस्पीड पोलाद लोकांनी पाहिलं. ते लाल होईतो तापलं तरी धार सोडीना. पुढे १९२३ साली जर्मनीत टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टने सांधून नवा धातू केला. क्रुप कंपनीने तो ‘विडिया’, म्हणजे हिऱ्यासारखा, या नावाने विकला. आपल्या वर्कशॉपात आजही तेच नाव चालतं.

१९७२ च्या दुष्काळानंतर बोअरची मशीनं गावोगाव फिरू लागली. हवेच्या दाबावर चालणारा हातोडा आणि बिटाच्या तोंडाला विडियाच्या गुंड्या. त्यामुळे पत्थरातलं कित्येक दिवसांचं काम तासांवर आलं.

मग सगळीकडे विडियाच का वापरू नये? कारण तो कडक, तसाच ठिसूळ. लोखंडात अडकला की टवका उडतो. म्हणून हे ध्यानात ठेवा :

• लाकडाला साधं पोलादी बिट पुरतं.
• अँगल, पत्रा यांना हायस्पीड. तेलाचा थेंब द्या, वेग बेताचा ठेवा.
• वीट, काँक्रीटला विडियाच्या टोकाचं.
• पुळणीत पंखांचं बिट, आणि लगेच केसिंग पाइप, नाहीतर भोक ढासळतं.
• काळ्या पत्थराला गुंड्यांचं बिट.

शेवटी एक सांगणं. बिट कितीही कडक असलं तरी खारं पाणी गोडं करीत नाही. किनाऱ्याला गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. गोड्याची पातळी १ फूट उतरली, तर खालचं खारं हळूहळू सुमारे ४० फूट वर चढू शकतं. तेव्हा खोदताना मधूनमधून पाणी चाखा, मचूळ लागलं की थांबा, आणि पंप बेताने चालवा. खारावलेली वाडी कोणत्याच बिटाने परत मिळत नाही.