बाळाच्या दांतांवरचा आळ

घरांत लहान मूल असलें कीं त्याच्या पहिल्या दांताची वाट सर्वजण पाहत असतात. दूध पाजतांना वाटीच्या कडेवर टक् असा आवाज झाला कीं आनंदीआनंद होतो. पण या आनंदाला भीतीची एक किनार पूर्वापार लागलेली आहे. मूल किरकिरलें, त्याला ताप आला, पोट बिघडलें, झोप उडाली, म्हणजे एखादी अनुभवी आजीबाई त्याच्या तोंडांत बोट घालून पाहते आणि सांगते, “दांत येताहेत त्याला. व्हायचेंच हें!” एवढें म्हटलें कीं निदान संपतें, आणि पुष्कळदां आईबापांची चिंताही संपते. वाक्य दिसायला निरुपद्रवी आहे. परंतु त्याच्या मागें दोन हजारांहून अधिक वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि तो मात्र निरुपद्रवी नाहीं. त्या इतिहासाची थोडी ओळख श्रोत्यांना आज करून द्यावयाची आहे.

दांतांवरचा हा आळ फार जुना आहे. इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांत होऊन गेलेला ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटीस याच्या नांवानें जीं वैद्यकसूत्रें चालत आलीं आहेत, त्यांत दांत येणाऱ्या मुलांना हिरड्यांची खाज, ताप, आंकडी व जुलाब हे विकार होतात, आणि सुळे फुटतांना त्रास विशेष होतो, असें सांगितलें आहे. आपल्याकडील वैद्यकही यापासून दूर नव्हतें. वाग्भटाचा ‘अष्टांगहृदय’ हा ग्रंथ सुमारें सातव्या शतकांतला. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें पुढें तेराव्या शतकांत त्यावर टीका लिहिली. या ग्रंथाच्या उत्तरस्थानांत दांत फुटणें हें मुलांच्या सर्वच रोगांचें कारण म्हणून दिलें आहे. ज्वर, अतिसार, खोकला, वांती, मस्तकशूळ अशी त्यांची यादी आहे. आणि मुलाचें सारें शरीर कसें दुखावतें हें सांगण्यासाठीं मोराला तुरा फुटण्याच्या वेळचा दाखला दिला आहे.

येथवर ग्रीस आणि भारत यांचें एकमत दिसतें. पण वाग्भट त्याच प्रकरणांत आणखी एक गोष्ट सांगतो, ती फार मोलाची आहे. या विकारांत मुलाला पथ्यपाण्यानें व उपचारांनीं फारसें जखडूं नये. दांत येऊन गेले कीं हीं दुखणीं आपोआप शमतात, असा त्याचा उपदेश आहे. बालवैद्यकावरचा दुसरा प्राचीन ग्रंथ म्हणजे ‘काश्यपसंहिता’. नेपाळांत सांपडलेल्या पोथीवरून तो मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें १९३८ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत दांतांच्या जन्मावर एक स्वतंत्र अध्याय आहे. मुलींचे दांत लवकर व कमी त्रासानें येतात, मुलग्यांचे उशीरां व अधिक त्रासानें येतात. आठव्या महिन्यांत उगवलेले दांत सर्वांत उत्तम, असे विचार त्यांत आढळतात. आजच्या शास्त्राला त्यांतील सर्वच गोष्टी मान्य होणार नाहींत. पण वाग्भटानें शिकविलेला संयम पुढील काळांत सर्वत्र पाळला गेला असता, तर पुष्कळ अनर्थ टळला असता.

पश्चिमेकडे आरंभींचे उपाय भाबडे होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार प्लिनी यानें घोड्याचे पहिल्यानें पडलेले दांत मुलाच्या अंगावर बांधावे, म्हणजे त्याचे दांत सुखानें येतात, अशी समजूत नोंदवून ठेविली आहे. लांडग्याचा दांत, पोंवळ्याची फांदी हींही अशाच उपयोगाचीं. हिरड्यांना सशाचा मेंदू चोळण्याचा उपाय तर शतकानुशतकें चालला. मुलाच्या गळ्यांत वाघनख बांधणाऱ्या आपल्या लोकांनीं याला हंसण्याचें कारण नाहीं. या उपायांनीं गुण आला नसेल. पण अपायही बेताचाच झाला.

खरा अपाय सुरू झाला तो शस्त्र हातांत घेतल्यावर. सोळाव्या शतकांतील प्रसिद्ध फ्रेंच शस्त्रवैद्य आंब्रवाझ पारे यानें एका उमराव घराण्यांतील आठ महिन्यांच्या मृत मुलाची तपासणी केली. मृत्यूचें दुसरें कांहीं कारण दिसेना, म्हणून त्यानें हिरडी चिरून पाहिली, तों आंत दांत अगदीं वर येण्याच्या बेतांत असलेले आढळले. कठीण हिरडीनें वाट अडविली म्हणून मूल दगावलें, आणि वेळींच चीर दिली असती तर तें वांचलें असतें, असा त्यानें सिद्धांत बांधला. वस्तुतः आठ महिन्यांच्या कोणत्याही निरोगी मुलाची हिरडी उघडून पाहिली तरी तिच्याखालीं दांत असेच तयार असावयाचे! पण हा साधा विचार कोणी केला नाहीं. हिरड्या चिरण्याची चाल पडली आणि ती सुमारें तीन शतकें टिकली. अठराव्या शतकांतील थोर इंग्रज शस्त्रवैद्य जॉन हंटर यानें एकाच मुलाच्या हिरडीला दहादहा वेळां चीर दिली. एकोणिसाव्या शतकांतील मार्शल हॉल हा तर मज्जातंतूंच्या शास्त्रांत नांव मिळविलेला विद्वान. परंतु एकदां आवश्यक असतां चीर द्यावयाची राहण्यापेक्षां १९९ वेळां ती विनाकारण दिलेली पत्करली, असें त्याचें मत होतें. उकळून शुद्ध केलेलीं हत्यारें ज्या काळांत ठाऊक नव्हतीं, त्या काळांत या मताची किंमत तान्ह्या मुलांनीं काय दिली असेल, याची कल्पनाच करावी.

मृत्यूच्या नोंदी ठेवण्याची पद्धत इंग्लंडांत सुरू झाली, तेव्हां या समजुतीला सरकारी शिक्कामोर्तबही मिळालें. १८३९ या एका वर्षांत इंग्लंड व वेल्समधील ५,०१६ मृत्यूंपुढें ‘दांत येणें’ हें कारण लिहिलें गेलें. आज असें कारण कोणी लिहीत नाहीं. कारण दांत आल्यानें मूल मरत नाहीं. मग तीं मुलें कशानें गेलीं?

याचें उत्तर आपल्या एका जुन्या म्हणींत आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गांठ पडली, म्हणजे कावळ्याच्या भारानें फांदी मोडली असें होत नाहीं. पहिला दांत साधारणपणें सहाव्या महिन्याच्या सुमारास येतो आणि अडीच ते तीन वर्षांत वीस दुधाचे दांत पुरे होतात. म्हणजे दोन वर्षें मूल सतत कोणता ना कोणता दांत ‘काढीत’ असतेंच. याच काळांत आईकडून गर्भांत मिळालेली रोगप्रतिकारक शक्ति ओसरत जाते. याच काळांत त्याला वरचें दूध व अन्न सुरू होतें. याच काळांत तें रांगूं लागतें आणि हातीं येईल ती वस्तु तोंडांत घालतें. एकोणिसाव्या शतकांतील शहरांचें दूषित पाणी, नासकें दूध आणि न धुतलेल्या बाटल्या डोळ्यांपुढें आणा, म्हणजे जुलाब, ताप आणि आंकडी कोठून आली हें निराळें सांगावें लागत नाहीं. रोग पोटांत आणि फुप्फुसांत होता. पण तोंड उघडल्यावर दिसत होता तो दांत.

निदान चुकलें म्हणजे औषधही चुकतें. १८४९ पासून अमेरिकेंत ‘मिसेस विन्स्लो’ या नांवाचें एक सरबत दांत येणाऱ्या मुलांसाठीं विकलें जाऊं लागलें. त्याच्या जाहिरातींत मांडीवर मूल घेतलेली प्रसन्न माता दिसे. बाटलींत मात्र मॉर्फिन, म्हणजे अफूचें सत्त्व असे. मूल शांत होई, आणि कित्येक मुलें कायमचींच शांत झालीं. १९०६ च्या कायद्यानें असलीं द्रव्यें बाटलीवर छापणें भाग पडलें. १९११ सालीं तेथील वैद्यक-संघानें या सरबताची गणना बालघातक औषधांत केली.

हें दूरच्या देशांतलें, असें कोणी म्हणूं नये. आपल्याकडील ‘बाळगोळी’ तिचीच बहीण. मूल किरकिरूं नये, निजून राहावें म्हणून अफू घातलेली ही गोळी मुंबईंत सर्रास मिळत असे. गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करून डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनीं जो अहवाल दिला, तो १९२२ सालीं मुंबई सरकारच्या ‘लेबर गॅझेट’मध्यें प्रसिद्ध झाला. या स्त्रियांच्या मुलांपैकीं शेंकडा ९८ मुलांना अफू दिली जाते, असें त्यांत नमूद होतें. त्या मातांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाहीं. सकाळीं भोंगा झाल्यावर तान्हें मूल घरीं टाकून साच्यावर उभें राहावें लागणाऱ्या बाईला गोळीवांचून दुसरें काय साधन होतें? परंतु अफूनें निजलेल्या मुलाची भूक मरते, पोट बांधतें, श्वास मंद होतो. आणि खरें दुखणें असलें तर तें सांगण्याचें एकमेव साधन, म्हणजे रडणें, तेंही त्याच्यापासून हिरावलें जातें.

अफूहूनही विलक्षण हकीकत पाऱ्याची आहे. इंग्लंडांत आणि ऑस्ट्रेलियांत दांत येणाऱ्या मुलांना देण्याच्या पुड्यांत कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचें एक संयुग असे. तें रेचक म्हणून घालीत. १९१४ सालीं ऑस्ट्रेलियांतील डॉ. स्विफ्ट यांनीं मुलांच्या एका चमत्कारिक रोगाचें वर्णन केलें. मुलाचे हातपाय गुलाबी होऊन सुजत, कातडें सोलून निघे, उजेड सोसेना, अन्न जाईना, आणि रात्रंदिवस मूल तळमळत राही. कित्येकांचे तर आलेले दांतही हलून पडत! या ‘गुलाबी रोगा’चें कारण अनेक वर्षें उमगलें नाहीं. अखेर १९४८ सालीं अमेरिकेंतील सिनसिनाटीचे डॉ. वारकनी व त्यांचे सहकारी हबर्ड यांनीं अशा मुलांच्या लघवींत पारा आढळतो असें प्रसिद्ध केलें. १९५४ सालीं ब्रिटनमधील उत्पादकांनीं पुड्यांतून पारा काढून टाकला, आणि कांहीं वर्षांतच हा रोग जवळजवळ नाहींसा झाला. दांत सुखानें यावेत म्हणून आईबापांनीं पदरचे पैसे खर्चून जी पुडी आणली, तीच रोगाचें मूळ होती.

हा सारा इतिहास झाला, असें म्हणून निश्चिंत होतां येत नाहीं. टाकणखाराची लाही मधांत खलून हिरड्यांना चोळण्याचा उपाय आपल्या घरांतून चालत आलेला आहे. १९८३ सालीं एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत सात अर्भकांची हकीकत प्रसिद्ध झाली. त्यांच्या चोखण्यांना टाकणखार-मध लावीत असत, आणि त्यांना वारंवार झटके येत. तें लावणें बंद केल्यावर झटकेही थांबले. एक वर्षाच्या आंतील मुलाला मधानेंही एक गंभीर विषबाधा होऊं शकते, हें आतां माहीत झालें आहे. हिरड्या बधिर करणाऱ्या बेन्झोकेनच्या मलमानें रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति घटूं शकते, म्हणून दोन वर्षांखालील मुलांना तें लावूं नये, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें २०१८ सालीं दिला. त्याच वर्षीं दांतांसाठीं गळ्यांत घालण्याच्या माळांविरुद्धही त्यानें सावध केलें. अशा माळेचा फांस बसून अठरा महिन्यांचें एक मूल झोपेंत दगावलें होतें. प्लिनीचा ताईत अद्याप बाजारांत आहे!

मग दांत येतांना मुलाला कांहींच त्रास होत नाहीं काय? होतो. अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथील संशोधकांनीं १२५ मुलांच्या रोजच्या नोंदी ठेवून २००० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. दांत दिसण्यापूर्वीं चार दिवस, तो दिवस व नंतरचे तीन, असे आठ दिवस लाळ गळणें, चावणें, हिरड्या चोळणें, किरकिर, झोपमोड, घांस नको होणें, अंग किंचित् कोमट लागणें, एवढीं लक्षणें थोडीफार वाढलेलीं दिसलीं. मोठा ताप दांतांमुळें आलेला आढळला नाहीं. आणि यांतील एकही लक्षण निम्म्या मुलांतही दिसलें नाहीं.

एवढ्या त्रासाला उपायही तेवढाच पुरतो. स्वच्छ धुतलेल्या बोटानें हिरड्या हलकेच चोळाव्या. स्वच्छ फडकें गार पाण्यांत भिजवून, पिळून चावावयास द्यावें. रबराचें कडें असेल तर तें गार करावें, बर्फासारखें गोठवूं नये. लाळ वरचेवर टिपावी, म्हणजे हनुवटी हुळहुळत नाहीं. मुलाला जवळ घ्यावें. वेदना फार वाटली तर औषध डॉक्टरांना विचारूनच द्यावें. परंतु ताप १००.४ अंशांवर गेला, जुलाब वा वांत्या होऊं लागल्या, आंकडी आली, किंवा मूल मलूल होऊन दूध घेईना, तर दांतांचें नांव घेऊन थांबूं नये, त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. जुलाबांनीं तान्ह्या मुलाच्या अंगांतील पाणी कांहीं तासांत आटूं शकतें.

वाग्भटानें निदानांत चूक केली असेल. पण दांत येतील आणि त्रास शमेल, तोंवर मुलाला जखडूं नका, हें त्याचें सांगणें तेराशें वर्षांनंतरही खरें ठरलें आहे. त्याला आजच्या ज्ञानाची एकच जोड द्यावयाची. पुढच्या खेपेस कोणी “दांत येताहेत त्याला” असें म्हणालें, तर दांत अवश्य पाहावा, त्याचें कौतुकही करावें. आणि मग थर्मामीटर लावून पाहावा.