मासेमारांनी मागितलेली बंदी

पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलै महिन्यांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. राज्यांच्या हद्दीपलीकडील समुद्रासाठी केंद्र सरकारने २०१५ साली हा काळ ६१ दिवसांचा केला. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवण्याची कोळ्यांची चाल तर त्याहून कितीतरी जुनी. पण बंदीचा कायदा कसा आला, असे वर्गात विचारले तर बहुतेक मुले सांगतील, की शास्त्रज्ञांनी सुचवले आणि सरकारने केले. प्रत्यक्षात ही बंदी मागण्यासाठी रस्त्यावर उतरले ते मासेमारच. मासे पकडूनच ज्यांचे पोट भरते त्यांनी मासेमारीवर बंदी का मागावी?

त्यासाठी १९५२ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार झाला आणि आजच्या केरळातील कोल्लमजवळ एक विकास प्रकल्प सुरू झाला. मासेमारांना इंजिनाच्या होड्या, बर्फ, दवाखाना, पिण्याचे पाणी मिळावे, असा त्याचा हेतू होता. पुढे परदेशात कोळंबीला भरपूर भाव मिळू लागला आणि ट्रॉलरची संख्या वाढत गेली. पैसा गुंतवणाऱ्यांत आता मासेमार समाजाबाहेरचे लोकही होते.

ट्रॉलरचे जाळे नरसाळ्यासारखे असते. ते समुद्राच्या तळावरून ओढत नेतात. कोळंबी तळाशी राहते, म्हणून हे जाळे तिच्यासाठी सोयीचे. पण त्याचे आस बारीक असल्याने लहान पिल्लेही त्यात येतात आणि तळावरील जीवसृष्टी खरवडली जाते. शिवाय ट्रॉलर किनाऱ्याजवळ आले, की लहान होड्यांची जाळी त्यांच्यात अडकून फाटत.

आता पावसाळ्याचा प्रश्न. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यालगतचे वरचे पाणी बाहेर ढकलले जाते आणि खालचे थंड पाणी वर येते. या पाण्यात क्षार भरपूर, पण प्राणवायू कमी असतो. क्षारांमुळे सूक्ष्म वनस्पती-प्लवक वाढते आणि त्यावर जगणाऱ्या पिल्लांना अन्न मिळते. तारली, बांगडा यांसारख्या माशांचा विणीचा काळही याच सुमारास असतो. त्याच वेळी कमी प्राणवायूच्या पाण्यातून निसटण्यासाठी कोळंबी किनाऱ्याकडे सरकते. म्हणजे जे महिने माशांच्या वाढीचे, तेच ट्रॉलरच्या कमाईचे! भांडणाचे मूळ इथे आहे.

गोव्यात रापण ओढणाऱ्यांनी १९७०च्या दशकात ट्रॉलरविरुद्ध आवाज उठवला. रापण म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचे मोठे जाळे. त्यांचे एक पुढारी माथानी साल्ढाणा हे व्यवसायाने शिक्षक होते. १९७८ साली निरनिराळ्या राज्यांतील लहान मासेमारांनी राष्ट्रीय मंच स्थापन केला, तेव्हा तेच त्याचे पहिले अध्यक्ष झाले. लवकरच राज्यांचे कायदे आले. गोवा आणि केरळचे १९८०चे, महाराष्ट्राचा १९८१चा. किनाऱ्याजवळचा पट्टा लहान होड्यांसाठी राखण्याची सोय त्यांत झाली, पण अंमलबजावणी कमी पडली.

केरळातील संघटनेची वाटचाल विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ती सुरू झाली चर्चच्या आधाराने, आणि तिच्या नावातच ‘लॅटिन कॅथलिक’ हे शब्द होते. पण किनाऱ्यावर हिंदू आणि मुसलमान मासेमारही राहतात. त्यांना बाहेर ठेवून समुद्राच्या वतीने कसे बोलणार? १९८० साली संघटनेने नावातून धर्म काढला आणि दारे सर्वांना उघडली.

दुसरा प्रश्न स्त्रियांचा. समुद्रावर जातो तोच मासेमार, अशी समजूत होती. पण मासळी विकणाऱ्या, वाळवणाऱ्या आणि जाळी विणणाऱ्या बायकांवाचून हा धंदा चालत नाही. तिरुवनंतपुरमच्या विक्रेत्या बायकांना टोपल्या घेऊन सार्वजनिक बसमध्ये चढू देत नसत. त्या लढल्या आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्यासाठी खास बस सुरू झाल्या. बसची मागणी आणि समुद्राचे रक्षण यांचा संबंध काय, असे कोणालाही वाटेल. पण ज्यांचे रोजचे दुःख चळवळ आपले मानते, तेच तिच्यामागे उभे राहतात.

उपोषणे, मोर्चे, चौकशी समित्या यांनंतर १९८८ साली केरळात पावसाळी ट्रॉलबंदी प्रथम लागू झाली. ट्रॉलरमालक न्यायालयात गेले. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली. दरम्यान एप्रिल १९८९मध्ये मुंबई आणि कलकत्ता अशा दोन बाजूंनी किनारायात्रा निघाल्या आणि १ मे रोजी कन्याकुमारीला मिळाल्या. पाणी राखा, जीवन राखा, हे त्यांचे सांगणे होते.

१९९१ नंतर सरकारने परदेशी भागीदारीतील मोठ्या जहाजांना खोल समुद्रात मासेमारीचे परवाने दिले. त्याविरुद्ध १९९४ साली देशभर बंद पाळले गेले. या वेळी कालपर्यंत विरोधात असलेले यांत्रिक नौकांचे मालकही लहान मासेमारांच्या बरोबर आले. मुरारी समितीने १९९६ साली हे परवाने रद्द करण्याची शिफारस केली.

या एकीने सगळे प्रश्न सुटले नाहीत. ट्रॉलरवर मजुरीने काम करणाऱ्यांची कमाई बंदीत थांबते, आणि बंदी मागताना त्यांचा विचार मागे राहिला. लहान मासेमारांनीही १९८०च्या दशकात इंजिने बसवली, मोठी वेढा जाळी घेतली. तेव्हा समुद्रावरचा ताण एकाच बाजूचा राहिला नाही. कोणाला बाहेर ठेवायचे हे ठरवणे सोपे. सर्वांनी मिळून किती काढायचे हे ठरवणे अवघड.

किनाऱ्यावरच्या शाळांना या विषयावर सहज काम करता येईल. बंदरावरचा तांडेल, मासळीबाजारातली विक्रेती, होडीवरचा खलाशी आणि बर्फाच्या कारखान्यातला कामगार या चौघांना मुलांनी एकच प्रश्न विचारावा: बंदीच्या दोन महिन्यांत तुमचे घर कसे चालते? चार उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत. बंदीचा नियम कसा असावा, यावरची चर्चा त्यानंतर सुरू करावी.