बळीच्या बाजूने काढलेली लढाई

बलिप्रतिपदेला आमच्या पिंपळगाव बसवंतच्या घराघरांत आयाबहिणी ओवाळताना म्हणतात, ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.’ टोमॅटोचे क्रेट घेऊन बाजार समितीत उभा राहणारा शेतकरीही स्वतःला बळीराजा म्हणवतो. पण या बळीला कोणी मारलं, कोणत्या लढाईत मारलं, असं विचारलं की सगळे गप्प. फार तर वामनाच्या तीन पावलांची गोष्ट सांगतात, तीही मारणाऱ्याच्या बाजूने!

ही गोष्ट उलट बाजूने सांगितली महात्मा जोतीराव फुले यांनी, १८७३ साली, ‘गुलामगिरी’त. धोंडिबा प्रश्न विचारतो आणि जोतीराव उत्तरं देतात. मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन, परशुराम हे देवाचे अवतार नव्हेत, तर इथल्या क्षेत्रवासीयांवर चालून आलेल्या टोळ्यांचे म्होरके होत, अशी त्यांची मांडणी. थोडक्यात, ती एका दीर्घ युद्धाची हकिगत आहे. शिवाराच्या बांधावरचा म्हसोबा हा बळीच्या राज्यातला महासुभा, म्हणजे अधिकारी. परशुरामाशी पुन्हा पुन्हा लढणारे ते महाअरी, त्यावरून महार. आणि परशुराम चिरंजीव आहे ना, मग सहा महिन्यांत हजर व्हावे, अशी जाहीर नोटीसच जोतीरावांनी त्याला काढली होती. असा विनोद करायला छाती लागते.

या युद्धकथेवर चित्रांचं पुस्तकही आहे, हे आपल्यातल्या किती तरुणांना माहीत आहे? ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’, शब्द श्रीविद्या नटराजन यांचे, चित्रं अपराजिता निनान यांची, प्रकाशक नवयान, साल २०११. त्याच वर्षी नवयाननेच बाबासाहेबांवरची ‘भीमायन’ काढली. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांच्या गोंड चित्रांमुळे तिचं जगभर कौतुक झालं, आणि ते रास्तच होतं. पण त्या गजरात ही काळी-पांढरी चित्रकथा मागे पडली.

आमची पिढी अमर चित्र कथेवर वाढली. तिथे असुर म्हटला की राकट, अंगाने आडदांड, आणि त्याला मारणारा तेजस्वी. दहा वर्षांच्या पोराच्या मनात शत्रू कोण हे तिथेच ठरून जातं. इथे कुंचला पहिल्यांदा पराभूतांच्या बाजूला आला. शिवाय लेखिका आणि चित्रकार स्वतः पात्रं होऊन पानात शिरतात, आजच्या जातीबद्दल बोलतात. ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांची मुक्ती करणाऱ्यांना अर्पण आहे, तो धागाही चित्रकथा सोडत नाही.

आता एक अडचणीची गोष्ट, ती टाळून चालणार नाही. ‘हू वेअर द शूद्राज?’ हा ग्रंथ बाबासाहेबांनी १९४६ साली जोतीरावांनाच अर्पण केला, आणि त्याच ग्रंथात आर्य आक्रमणाचा सिद्धांत नाकारला. म्हणजे गुरूला वंदन केलं, पण त्याचा सिद्धांत पुराव्यावर घासून पाहिला. तेव्हा ‘वामन अमुक साली चालून आला’ असं छातीठोक सांगणाऱ्या आपल्याच मित्रांना आम्ही विरोध करतो. महाअरी ही व्युत्पत्ती भाषाशास्त्रात टिकेल असंही आम्हांला वाटत नाही. मग या कथेचं मोल काय? पुराणं हा विजेत्यांचा कागद आहे आणि त्याची उलटतपासणी घेता येते, हे जोतीरावांनी कसलंही विद्यापीठ पाठीशी नसताना दाखवलं. ‘पवित्र’ म्हणून जे पुढे ठेवलं जातं त्यात कोणाचं रक्त सांडलंय, हा प्रश्न त्यांचा. चित्रकथेने तोच प्रश्न पानापानावर डोळ्यांना दिसेल असा केला.

पुस्तक इंग्रजीत आहे, हीच मोठी अडचण. जोतीरावांनी शूद्रातिशूद्रांना कळावं म्हणून रोखठोक मराठीत लिहिलं, आणि त्याची चित्रकथा आम्ही इंग्रजीतून चाचपडत वाचतो! आम्ही पाच-सहा जण वस्तीतल्या विहारात बसून एकेक पान तोंडी मराठीत करतो आहोत. सातवीतल्या एका पोरीने परवा विचारलं, ‘मग आमच्या शेतातल्या म्हसोबाला शेंदूर कोणी फासला?’ त्यावर तासभर वाद झाला. ते पान अजून उलटलेलं नाही.