पडवीतला काळोख : आदिलाबाद आणि हायमेनडॉर्फ यांची छायाचित्रे

आपल्या जुन्या घरांच्या भिंतींवर, नाहीतर ट्रंकेच्या तळाशी, एक छायाचित्र हमखास सापडते. आमच्याही घरी आहे. मध्ये पणजोबा खुर्चीवर बसलेले, अंगात कोट, डोक्याला रुमाल; दोन्ही बाजूंना मुलगे उभे; मागे नुकतेच बांधून झालेले घर आणि उजवीकडे गोठ्याची पडवी. सूर्य डोक्यावर आलेला असल्यामुळे तिघांचेही डोळे किलकिले झाले आहेत. पडवीच्या सावलीत आणखी दोघे उभे आहेत. त्यांची पागोटी दिसतात, धोतरांच्या कडा दिसतात. चेहऱ्यांच्या जागी निव्वळ काळोख आहे. ‘आपले गोंड गडी,’ एवढेच आजी सांगत असे. नावे तिलाही ठाऊक नव्हती.

यात छायाचित्रकाराचा दोष काढण्यात अर्थ नाही. भर उन्हातल्या पांढऱ्या कपड्यांसाठी एक्स्पोजर बेतले, की सावलीतला सावळा चेहरा फिल्मवर उमटत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी नीट टिपण्याइतकी फिल्मची ताकद नसते. उन्हात कोणी उभे राहायचे आणि पडवीत कोणी, हे मात्र फिल्मने ठरवले नव्हते.

प्रवासात किंवा रस्त्यावर काढलेल्या छायाचित्रांविषयी बोलताना प्रकाश आणि ‘मूड’ हे शब्द हल्ली सर्रास वापरले जातात. आपल्या भागात या दोहोंना तोटा नाही. उत्तरेला पैनगंगा, दक्षिणेला गोदावरी आणि मध्ये सागवानाचे डोंगर. पावसाळा सरल्यावर धुतलेल्या हवेतले कार्तिकातले तिरपे ऊन, पौषातले धुके आणि चुलींचा धूर, फाल्गुनात पानगळीनंतर उघड्या पडलेल्या रानातला लख्ख उजेड, मोहाच्या झाडाखाली पहाटे फुले वेचणाऱ्या बाया. हौशी छायाचित्रकाराला आणखी काय हवे? पण या प्रकाशालाही एक इतिहास आहे, आणि तो एका परक्या माणसाच्या कॅमेऱ्याशी जोडलेला आहे.

ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे मूळचे व्हिएन्नाचे, जन्म १९०९ चा. महायुद्धाला तोंड फुटले तेव्हा ते हिंदुस्थानात होते. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यांच्यावर निर्बंध आले, आणि निजामाच्या राज्यात राहून आदिवासींचा अभ्यास करण्याची मुभा मिळाली. पत्नी बेट्टी सोबत होत्या. १९४० मध्ये जोडेघाटच्या रानात कोमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. गोंडांनी शस्त्र का उचलले, याचा उलगडा सरकारला हवा होता. हायमेनडॉर्फ या भागात आले ते या पार्श्वभूमीवर. मारलवाई या गोंड गावात ते झोपडी बांधून राहिले, १९४३ मध्ये तेथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले, आणि १९४५ पासून ते निजाम सरकारचे आदिवासीविषयक सल्लागार झाले. ‘द राज गोंड्‌स ऑफ आदिलाबाद’ हा त्यांचा ग्रंथ १९४८ चा. त्यांची छायाचित्रे आणि चित्रफिती आज लंडन विद्यापीठाच्या ‘सोआस’ या संस्थेच्या संग्रहात आहेत.

त्यांच्या आधीही ‘जातीजमातीं’ची छायाचित्रे काढली जात होतीच. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड प्रसिद्ध झाले. त्यांत माणूस नमुना म्हणून उभा आहे आणि प्रकाश नोंदीपुरता आहे. हैदराबादेत राजा दीनदयाळ यांनी निजामाच्या दरबाराला जो प्रकाश दिला, तो रेशमासारखा मऊ आणि तोलून-मापून घेतलेला. हायमेनडॉर्फ यांच्याजवळ ना दरबार होता, ना स्टुडिओ. त्यांच्याजवळ वेळ होता. आठ दिवसांच्या दौऱ्यावर आलेल्या माणसाला जे ऊन मिळेल ते घ्यावे लागते. गावात वर्षानुवर्षे राहणारा माणूस सकाळी अंगणात बसलेल्या म्हाताऱ्यावर कवडसा केव्हा येतो आणि केव्हा सरतो, हे जाणून असतो. त्यांच्या छायाचित्रांतल्या चेहऱ्यांवर मला हे जाणतेपण दिसते. अभ्यासकाची नोंदवहीही त्यांत आहेच. काही छायाचित्रे तर केवळ नोंदी आहेत, त्यांना कलाकृती म्हणण्याचा आग्रह मी धरणार नाही.

दंडारीचे उदाहरण घ्या. दिवाळीच्या सुमारास गोंडांची पथके गावोगाव नाचत जातात. त्यांतला गुसाडी मोरपिसांचा भला मोठा टोप घालतो, अंगाला राख फासतो, खांद्यावर कातडे घेतो. आज रंगीत कॅमेऱ्याने त्याचे छायाचित्र घ्यावे तर मोरपिसेच सगळे चित्र खाऊन टाकतात. मोरपिसाची निळाई कोनागणिक बदलते. संध्याकाळचे ऊन मागून आले की टोप झळाळतो आणि त्याखालचा माणूस राखेसारखा विझून जातो. पर्यटन खात्यांच्या भित्तिपत्रकांवर असा झळाळता टोप कितीदा पाहिला असेल! हायमेनडॉर्फ यांच्या १९४० च्या दशकातल्या कृष्णधवल फिल्मला ती निळाई दिसतच नाही. मोरपिसे करडी होतात, राखही करडी, आणि मग उरतात ते डोळे, ओठांची ठेवण, काठी धरलेला हात. याला त्यांचे कौशल्य म्हणावे की फिल्मची मर्यादा? मला वाटते, मर्यादेनेच येथे उपकार केले. मारलवाईच्याच कनक राजू यांना २०२१ मध्ये गुसाडी नृत्यासाठी पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा वर्तमानपत्रांत बहुतेक टोपच छापून आला. २०२४ मध्ये ते गेले.

दुसरा प्रसंग केसलापूरच्या नागोबाचा. पौष अवसेच्या रात्री मेस्राम कुळाची महापूजा असते. गोदावरीचे पाणी पायी आणलेले असते. नव्या सुनांची देवाशी भेट होते. अवसेची रात्र ही काही योगायोगाने निवडलेली नव्हे. त्या विधीचे घरच अंधारात आहे. मी प्रथम गेलो तेव्हा वडाच्या झाडांखाली बैलगाड्या सोडलेल्या होत्या आणि शेकोट्यांच्या उजेडात माणसे अर्धी दिसत, अर्धी नाही. अलीकडे गेलो तर दिव्यांचे खांब, चित्रवाणीचे कॅमेरे आणि दर क्षणाला लखलखणारे फ्लॅश. सुनेने पदर डोळ्यांपुढे ओढला, तो देवापुढे लीन होण्यासाठी की फ्लॅश चुकवण्यासाठी, हे मला कळले नाही. मी कॅमेरा पिशवीत टाकला. त्यात मोठेपणा काही नव्हता. पुरेसे फोटो काढून झाले होते.

आता आपल्याविषयी. आपले पूर्वज वऱ्हाडातून, चांद्याकडून, नांदेडाकडून पैनगंगेच्या अल्याडपल्याड पसरले. तेव्हा सीमा निराळ्या होत्या. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. काळी जमीन, कापूस आणि मोकळे रान यांनी माणसे ओढून आणली. आपण कष्टाने रान मोडले, असे आपल्या घरांतून सांगितले जाते, आणि ते खोटे नाही. पण ते रान रिकामे नव्हते. हायमेनडॉर्फ यांनी ग्रंथांत आपल्याविषयी लिहिले आहे. रस्ते झाल्यावर बाहेरून आलेले शेतकरी, सावकार, व्यापारी आणि कागदपत्रे जाणणारे लोक यांच्यापुढे गोंडांची जमीन कशी निसटत गेली, ते त्यांनी नोंदवले. त्यांच्या शिफारशींमुळे हजारो गोंड-कोलाम कुटुंबांना पट्टे मिळाले. १९७० च्या दशकात ते पुन्हा आले, तेव्हा त्यांतल्या अनेक जमिनी पुन्हा गेलेल्या होत्या. १९८२ च्या ‘ट्राइब्ज ऑफ इंडिया’ या पुस्तकात ती हळहळ आहे. आदिवासींची जमीन इतरांच्या नावे होऊ नये यासाठी १९७० मध्ये कायदा कडक झाला. त्यानंतरही २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीत जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला. सरकारी आकडा तेरा मृतांचा आहे.

हे सारे त्यांच्या लिखाणात आहे. मी पाहिलेल्या त्यांच्या छायाचित्रांत मात्र आपण नाही. त्यांत गोंड गाव आहे, पेरणी आहे, लग्न आहे, किंगरी वाजवणारे परधान आहेत. ज्याच्यामुळे त्या गावाचे शिवार आकसत होते, तो माणूस चौकटीबाहेर आहे. सुंदर प्रकाशातले स्वयंपूर्ण गाव पाहताना हा मूड फसवा ठरू शकतो, अशी शंका मला बरीच वर्षे आहे. आमच्या घरच्या छायाचित्रात गोंड काळोखात, त्यांच्या छायाचित्रांत आम्ही मुळीच नाही. दोन्ही शेजारी ठेवल्यावाचून जिल्ह्याचे चित्र पुरे होत नाही.

मागल्या कार्तिकात मारलवाईला गेलो. २०१६ पासून ते गाव नव्या आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. बेट्टी १९८७ मध्ये हैदराबादेत वारल्या, आणि त्यांची समाधी येथे आहे. हायमेनडॉर्फ १९९५ मध्ये लंडनला गेले. उन्हे कलती झाली होती. समाधीपाशी भेटलेल्या एका वृद्ध परधानाशी मराठीतच बोललो. आदिलाबादच्या परधानांची घरची भाषा मराठी आणि गाण्याची गोंडी, हे हायमेनडॉर्फ यांनीच लिहून ठेवले आहे. ‘कोण्या गावचे तुम्ही?’ त्यांनी विचारले. मी गावाचे नाव सांगितले. ‘तिथं आमची सोयरीक होती,’ ते म्हणाले, ‘पाटलाच्या वाड्यावर राबायची माणसं.’ घरचे छायाचित्र पिशवीत होते. मी ते काढून दिले. पडवीच्या बाजूला त्यांनी बोट ठेवले, कागद उजेडाकडे तिरपा करून बराच वेळ पाहिला आणि परत दिला.

परतल्यावर मी त्या छायाचित्राची जुनी निगेटिव्ह शोधली आणि शहरातल्या एका जाणकाराकडून ती संगणकावर घेववली. पणजोबांच्या कोटाचे बटण न् बटण दिसू लागले. पडवीतला भाग त्याने शक्य तितका उजळून पाहिला. तिथे फिल्मवर काहीच नोंदले गेले नव्हते. पागोट्यांचा पांढरा रंग तेवढा आणखी पांढरा झाला.