झोपलेल्या काड्यांचा प्रवास

मंडळी, द्राक्षाची काडी म्हणजे पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब. हिवाळ्यात पानं गळाली की ती मेल्यासारखी दिसते. पण मेलेली नसते, झोपलेली असते. सालीखाली स्टार्च साठवलेला, डोळे घट्ट मिटलेले. आपल्या लॅपटॉपचं 'हायबरनेट' म्हणा हवं तर. या झोपेवर एकोणिसाव्या शतकात फ्रान्सचा अख्खा वाइनचा धंदा टांगलेला होता.

झालं असं की १८६३च्या सुमारास दक्षिण फ्रान्समध्ये वेली वाळायला लागल्या. कारण कोणालाच कळेना. १८६८ मध्ये प्लांशों आणि त्याच्या सोबत्यांनी मुळं उकरून पाहिली, तर त्यांवर पिवळे बारीक किडे! हाच तो फायलोक्सेरा, मूळचा अमेरिकेचा. शिडाच्या जहाजांच्या लांबलचक प्रवासात तो बहुधा वाटेतच मरत असणार. वाफेच्या बोटी आल्या आणि मुळांसकट आणलेल्या रोपांवरून तो जिवंत उतरला.

औषधंबिवधं पुष्कळ झाली. शेवटी उपाय निघाला तो कलमाचा: खाली अमेरिकन जंगली वेलीचा खुंट, वर आपली फ्रेंच जात. म्हणजे रोग जिथला, औषधही तिथलंच. आता हजारो मैलांवरून खुंट आणायचे कसे? झोपलेल्या काड्या!

खरी कसोटी इथे होती. काडी हिवाळ्यात तोडायची आणि लावायची वसंतात. मधले दोन-तीन महिने ती सुकता कामा नये, कुजता कामा नये आणि मुख्य म्हणजे जागी होता कामा नये. ऊब लागली की डोळे फुटतात, साठा संपतो, आणि खाली मुळं नसल्याने कोंब मरतो. म्हणून जुड्या बांधून ओलसर वाळूत, भुशात किंवा शेवाळात, थंड तळघरात ठेवायच्या. वाळू ओलसर हं, ओलीचिंब नाही! तळघर नसलं तर चरात पुरायच्या, आणि तेही उलट्या, बुडखा वर. ही युक्ती मला फार आवडते. वसंतात वरची माती आधी तापते, त्यामुळे बुडख्याकडे मुळं फुटण्याची तयारी सुरू होते. डोळे मात्र खाली गारव्यात झोपून राहतात.

मिसूरीहून हर्मन येगरने, टेक्ससहून टी. व्ही. मन्सनने अशा काड्या धाडल्या. पुढे कोन्याकसारख्या चुनखडीच्या जमिनीत पहिले खुंट पिवळे पडायला लागले, तेव्हा पिएर व्हियाला १८८७ मध्ये अमेरिकेत हिंडला. टेक्ससच्या चुनखडीवर वाढणारी बर्लांदिएरी वेल त्याला योग्य वाटली. पण ती हट्टी, काडीला मुळंच फुटेनात. शेवटी तिचे दुसऱ्या जातींशी संकर करावे लागले. मन्सनला १८८८ मध्ये फ्रेंच सरकारने शेतीचा मानाचा किताब दिला.

आणि हे सगळं तिकडचंच असं समजू नका. नाशिक-सांगलीकडे बागायतदार ज्याला 'जंगली' म्हणतात तो डॉगरिज खुंटही टेक्ससचाच. आपल्याकडे तो आला क्षारट पाण्यासाठी आणि दुष्काळासाठी, किड्यासाठी नव्हे. आणि आपल्या उन्हात वेल काही झोपत नाही. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी, दोन्ही वेळा फुटते. त्यामुळे कलमाची काडी महिनोन्‌महिने वाळूत निजवायची भानगड नाही. ताजी तोडायची, पाचर मारायची, पट्टी गुंडाळायची, की झालं.